मल्हार नावाचा नेमका अर्थ काय? पावसाचा राग, देव, की 'मल हरणारा'?

वेणुग्राम_वासी
नमस्कार मंडळी. बाळाचं नाव 'मल्हार' ठेवायचं जवळजवळ ठरलंय. खरं अर्थ विचारला की जो तो वेगळाच सांगायलाय. नावांच्या साईटवर 'पावसाचा राग', भटजी म्हणतात 'मल्ल अधिक अरि', आणि एका ॲपवर चक्क 'मल हरण करणारा'. कुलदैवत बेळगाव जिल्ह्यातल्या मंगसुळीचा खंडोबा. बाळाचं आजोळ कन्नड बोलणारं. म्हणून तीन प्रश्न:
1) खरा अर्थ कोणता?
2) आजोळची हरकत आहे की नावात राक्षसाचं नाव येतंय. ह्यात तथ्य किती?
3) कन्नड जन्मदाखल्यावर नाव कसं लिहायचं?
जन्म आश्विन वद्य पंचमी, आर्द्रा नक्षत्र, तिसरं चरण. जाणकारांनी सविस्तर लिहावं ओ.

कुंदा_दोनशे_ग्रॅम
पहिल्यांदा अभिनंदन. बेळगावचा कुंदा (दुधाची मिठाई) कुठाय?

तळीचा_मानकरी
पहिल्या प्रश्नाचं उत्तर भटजींनी दिलंय तेच. मल्ल + अरि = मल्लारि, मल्लाचा शत्रू. बोलताना त्याचं मल्हारी झालं आणि पुढं शेवटचा ईकार गळून मल्हार. मल्हारी, मल्हार, मार्तंड, मैराळ, खंडेराव, म्हाळसाकांत ही सगळी एकाच देवाची नावं.

मल्लारी माहात्म्यातली कथा थोडक्यात अशी. मणी आणि मल्ल हे दोघे दैत्य भाऊ. ब्रह्मदेवाच्या वरानं माजलेले. मणिचूल डोंगरावर तप करणाऱ्या सप्तर्षींना त्यांनी छळलं. ऋषी इंद्राकडे गेले, विष्णूकडे गेले, दोघांनीही हात वर केले. शेवटी शंकरानं मार्तंडभैरवाचं रूप घेतलं, जटेतून घृतमारी देवी निघाली, सात कोटी सैन्य निघालं. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून सहा दिवस लढाई चालली आणि षष्ठीला मल्ल पडला. तीच चंपाषष्ठी. घरोघरी सहा दिवसांचा घट आणि नंदादीप असतो तो ह्याच लढाईचा.

ओत्तक्षर
त्या सात कोटीतच आपल्या भागाची गंमत आहे. 'येळकोट येळकोट जय मल्हार' हा जयघोष जेजुरीत लाखो लोक करतात, पण शब्द कन्नड आहे. एळु म्हणजे सात, कोटि म्हणजे कोटी. एळुकोटि, त्याचं येळकोट. आणि तिकडं कर्नाटकात हूविनहडगळीजवळच्या मैलारात गोरवय्या, म्हणजे ह्याच देवाचे भक्त, 'एळुकोटि एळुकोटि' म्हणून शेवटी ओरडतात 'चांगमलो'. हे आपल्या चांगभलंचं भावंड. मराठी माणूस कन्नडात गजर करतो आणि कन्नड माणूस मराठीत. आजोळला हे सांगा, अर्धी हरकत तिथंच मिटेल.

तिसरं_रेल्वेगेट
आणि सीमाप्रश्न पण.

कुंदा_दोनशे_ग्रॅम
@तिसरं_रेल्वेगेट, त्याला सात कोटी सैन्य पुरायचं नाही.

मलप्रभा_काठ
मला 'मल हरणारा' हा अर्थ इतका टाकाऊ वाटत नाही. आपली मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, तिचं जुनं नाव मलापहारी. मल म्हणजे पाप, ते नेणारी. कर्नाटक संगीतात शिकाऊ मुलांना पहिली गीतं ज्या रागात देतात तो मलहरी. म्हणजे 'मल' आणि 'हर' ही जोडी ह्या मुलखात जुनीच आहे. मल्हारला तो अर्थ का लागू नये?

ओत्तक्षर
कारण नावात 'ल' ला 'ह' जोडलेला आहे. मलहर किंवा मलहारी असतं तर फोड बरोबर होती: म-ल-ह-र. मल्हार मध्ये 'मल' हा सुटा शब्दच नाही. मलापहारी ही मल + अपहारी, तिथं व्याकरण चोख बसतं. इथं ओढून आणावं लागतंय. ॲपवाल्यांनी उच्चार ऐकून अर्थ चिकटवलाय.

आणि ह्याचा तिसऱ्या प्रश्नाशी थेट संबंध आहे, त्यावर सवडीनं लिहितो.

षड्ज_पंचम
रागाची बाजू मांडतो. मल्हार हा एक राग नाही, ते रागांचं कूळ आहे: मियाँ मल्हार, गौड मल्हार, मेघ मल्हार, सूर मल्हार, रामदासी मल्हार. मियाँ मल्हारची ओळख म्हणजे आंदोलित (झुलवत घेतलेला) कोमल गंधार आणि कोमल-शुद्ध दोन्ही निषाद एकापाठोपाठ. वर्षाऋतूत हे राग कुठल्याही वेळी चालतात, एरवी वेळेचं बंधन. जुन्या संगीतग्रंथांत मल्लार असं रूप दिसतं. म्हणजे रागाचं नावही मल्लारच, खरं तेवढ्यावरून राग खंडोबाचा होत नाही. रागाच्या ध्यानात, म्हणजे वर्णनश्लोकात, पाऊस, मेघ, विरहिणी असतात. हळद, खंडा, घोडा कुठं नाही. दोन शब्द सारखे दिसतात म्हणून सख्खे ठरत नाहीत.

कुणी निव्वळ संगीतप्रेमानं मल्हार ठेवत असेल तर तेही चूक नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली कुमार गंधर्व जन्मले, धारवाडच्या बाजूला मन्सूर गाव. इथं स्वराचं नाव ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. फक्त मग त्याला 'धार्मिक अर्थ' म्हणून सांगू नये.

गोरव
मन्सूरचा विषय निघालाच आहे तर मल्लिकार्जुन हे नाव घ्या. आपल्या भागात 'मल्ल'नं सुरू होणारी नावं ढिगानं आहेत: मल्लप्पा, मल्लय्या, मल्लव्वा. कित्तूरचा राजा मल्लसर्ज, म्हणजे राणी चन्नम्मांचे पती. बेळवडीची मल्लम्मा. आजोळचे लोक मल्ल म्हटलं की राक्षस म्हणत असतील तर त्यांच्या गल्लीत दहा मल्लप्पा निघतील, त्यांचं काय करायचं?

ओत्तक्षर
@गोरव, इथं जरा थांबा. त्यातली बरीचशी नावं श्रीशैलच्या मल्लिकार्जुनावरून आहेत. मल्लिका म्हणजे मोगऱ्याच्या जातीचं फूल, कन्नडात मल्लिगे. तिथं दैत्याचा काही संबंध नाही. मल्लप्पा आणि मल्हार ही वेगवेगळ्या वेलीची फळं.

गोरव
पुस्तकात वेगवेगळी, देवळात नाहीत. तेलंगणात कोमुरवेल्लीचा मल्लन्ना बघा. नाव मल्लिकार्जुनाचं, कळा खंडोबाची, हळद तीच, दोन बायका त्याच धर्तीच्या. इकडं मैलारलिंगाला, म्हणजे कन्नड मुलखातल्या खंडोबाला, गंगी माळव्वा आणि कुरबत्तेव्वा, तिकडं जेजुरीला म्हाळसा आणि बाणाई. म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची. लिंगायत, कुरुबर, धनगर, मराठा, ब्राह्मण, सगळे एकाच देवाला आपला म्हणतात. लोकांनी ह्या वेली कधीच एकमेकींत गुंतवून टाकल्यात. तुम्ही सोडवत बसा.

ओत्तक्षर
मान्य. शब्दाची फोड एक आणि भक्ती एक. पण प्रश्न अर्थाचा विचारलाय म्हणून फोड सांगितली.

पंचांग_बघून_सांगतो
दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही. देवाच्या नावात शत्रूचं नाव येणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. मुरारि म्हणजे मुर दैत्याचा शत्रू. मधुसूदन म्हणजे मधूला मारणारा. त्रिपुरारि, कंसारि, महिषासुरमर्दिनी. पोराचं नाव मधुसूदन ठेवताना 'अगंबाई, राक्षस!' असं कुणी म्हणत नाही. मल्लारि ह्याच ओळीतला.

शंकेखोर_शहापूर
खरं मधुसूदनात 'सूदन' शिल्लक आहे, मुरारीत 'अरि' शिल्लक आहे. मल्हारीचं मल्हार केलं तेव्हा ईकार उडाला. म्हणजे अरि अर्धा मेला आणि मल्ल मात्र जिवंत राहिला. आजीबाईंचं म्हणणं अगदीच वाऱ्यावरचं नाही.

तिसरं_रेल्वेगेट
मल्ल हरला, मल्हारला नाही.

तळीचा_मानकरी
@शंकेखोर_शहापूर, तुम्ही गमतीत बोललात, पण लोककथा नेमकी हेच सांगते. मरताना दोघांना वर विचारला. मणीला पश्चात्ताप झाला होता. त्यानं आपला पांढरा घोडा देवाला दिला आणि देवळात जागा मागितली. म्हणून खंडोबाच्या देवळात मणी असतो, त्याला नैवेद्यही असतो. मल्लाबद्दल दोन कथा आहेत. एका कथेत त्यानं मरतानाही सगळ्या जगाचा नाश मागितला, मग देवानं त्याचं शिर उडवलं आणि ते पायरीशी पडलं, येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय पडावा म्हणून. दुसऱ्या कथेत त्यानं मागितलं, 'तुझ्या नावाच्या आधी माझं नाव लागू दे.' देव तथास्तु म्हणाला. म्हणून आधी मल्ल आणि मग अरि.

दुसरी कथा धरली तर नावात मल्ल राहणं ही चूक नाही, तो देवानं दिलेला शब्द आहे. आजीबाईंना ही कथा सांगा. पायरीवरच्या शिराची आत्ताच सांगू नका.

वेणुग्राम_वासी
वा! ही दुसरी कथा घरात कुणालाच ठाऊक नव्हती. आता आणखी एक अडचण. आर्द्रा तिसरं चरण म्हटल्यावर अक्षर 'ङ' निघालं. ङ वरून काय ठेवायचं? मल्हार चालेल का?

कुंदा_दोनशे_ग्रॅम
ङ वरून ङोबा.

पंचांग_बघून_सांगतो
ह्याची सोय शास्त्रात करून ठेवलेली आहे. आर्द्रेची अक्षरं कू, घ, ङ, छ. हस्तात ण येतो, उत्तराभाद्रपदेत ञ. ह्या तीन अक्षरांवरून नावं सुरूच होत नाहीत, म्हणून ङ ला ग, ञ ला ज आणि ण ला ड धरायचं असा संकेत आहे. म्हणजे तुमचं नक्षत्रनाम ग वरून: गंगाधर, गिरीश, गजानन, काहीही.

मल्हारला त्यामुळं अडचण नाही, कारण ते व्यावहारिक नाव. लोक इथंच गोंधळतात. नामकरणात नावं चार असतात:
कुलदेवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम. अक्षराचं बंधन फक्त नक्षत्रनामाला. म अक्षर मघा पहिल्या चरणाचं, म्हणून 'मल्हार फक्त सिंह राशीच्या मुलाला' असं जे सांगतात ते ह्या चौघांची खिचडी करतात. नक्षत्रनाम पत्रिकेत आणि संकल्पात वापरायचं, हाक मारायला नाही.

मासनामात एक मोठी चूक होते ती आत्ताच सांगतो. मार्गशीर्षापासून क्रम असा: कृष्ण, अनंत, अच्युत, चक्री, वैकुंठ, जनार्दन, उपेंद्र, यज्ञपुरुष, वासुदेव, हरि, योगीश, पुंडरीकाक्ष. आश्विन म्हणजे योगीश. पण तुम्ही हिंदी ॲपवर तारीख घातली तर ते कार्तिक दाखवेल आणि मासनाम पुंडरीकाक्ष काढेल. कारण उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे महाराष्ट्रात आणि कर्नाटकात दोन्हीकडे अमावास्येला. शुद्ध पक्षात जन्म असेल तर फरक पडत नाही, वद्य पक्षात हमखास पडतो. भिंतीवरचं पंचांग बघा, मोबाईल नको.

शंकेखोर_शहापूर
मुलाच्या नावात अक्षरं सम असावीत असं म्हणतात ना? दोन किंवा चार? मल्हार तीनच आहेत.

पंचांग_बघून_सांगतो
पारस्कर गृह्यसूत्रात तसा नियम आहे. मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरी, पहिलं व्यंजन घोष (ग, द, म सारखं), मध्ये य र ल व पैकी काहीतरी. मुलीचं विषम. मोजताना स्वर मोजायचे, जोडाक्षर एकच धरायचं: म, ल्हा, र. तीन. म घोष आहे, मध्ये ल आहे, म्हणजे दोन अटी बसतात आणि एक हुकते. खंडेराव चार भरतात. पण व्यवहारात हा नियम कोण पाळतो? गणेश तीन, महेश तीन, विठ्ठल तीन. देवाचं नाव ठेवलं की अक्षरं मोजत बसायची नाहीत, अशीच रूढी आहे. फारच मनाला लागलं तर कुलदेवतानाम सम अक्षरी घ्या.

षड्ज_पंचम
आर्द्रा नक्षत्राकडे कुणाचं लक्ष गेलं का? आर्द्रा म्हणजे ओली, आणि तिची देवता रुद्र. सूर्य आर्द्रेत जूनच्या 22 तारखेच्या आसपास जातो तेव्हा पाऊस धरतो. रागवाले आणि देववाले दोघेही खूश व्हायला हरकत नाही. अर्थ मात्र मी वर म्हटला तोच.

तिसरं_रेल्वेगेट
जेव्हा आर्द्रा कोरडी जाते तेव्हा मात्र दोघंही गप्प.

पंचांग_बघून_सांगतो
आणखी एक. वद्य पंचमी पहिला दिवस धरला तर दहावा चतुर्दशीला, अकरावा अमावास्येला, आणि तिथीचा क्षय-वृद्धी नसेल तर बारावा नेमका कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, दिवाळी पाडव्याला. साडेतीन मुहूर्तांतला. दहाव्या दिवशी सोयर फिटतं, म्हणजे बारशाला वेगळा मुहूर्त काढायची गरजच नाही. फक्त भटजी आजच सांगून ठेवा, त्या दिवशी वहीपूजनाला सगळे अडकलेले असतात.

वरवंटा
बारशाची मांडणी सांगते, कारण ऐनवेळी धावपळ होते. काशाचं ताट, अखंड तांदूळ, सोन्याची अंगठी किंवा तार. तांदूळ एक बोट जाडीपेक्षा जास्त पसरू नका. जाड थर झाला की अंगठीनं ओढलेली रेघ बाजूचे दाणे घसरून बुजते. पाव किलो मध्यम ताटाला पुरे होतो. चारही नावं लिहायची असतात, वरून खाली ह्याच क्रमानं: कुलदेवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम, व्यावहारिक. 'ल्ह' तांदळात काढायला अवघड, ल ची दांडी आणि ह ची गाठ एकात मिसळते. म्हणून शेवटच्या ओळीला अर्धं ताट राखून ठेवा आणि अक्षर मोठं काढा.

मग पाळणा. आधी पाटा-वरवंट्यातला वरवंटा धुऊन, पुसून, कुंची घालून पाळण्याच्या वरून खालून फिरवायचा: 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या.' मग बाळ. नाव आत्यानं कानात सांगायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं नंतर. घुगऱ्या हरभऱ्याच्या किंवा गव्हाच्या, रात्री भिजत घालून सकाळी शिजवायच्या. हरभरे आठ तास तरी भिजले पाहिजेत, नाहीतर दाताखाली खडा. कन्नड घरात तोट्टिलु म्हणतात, पाळणा तोच. आजोळच्या बायकांना त्यांचं पाळण्याचं गाणं म्हणू द्या, वेळ राखून ठेवा.

कुंदा_दोनशे_ग्रॅम
घुगऱ्यांवर कुंदा असेल तर पत्ता टाका.

तळीचा_मानकरी
मंगसुळी कुलदैवत म्हणताय तर चंपाषष्ठी बारशानंतर साधारण महिन्याभरानं येते आणि तोवर सव्वा महिना होऊन गेलेला असतो. बाळाला देवाच्या पायावर घालून तिथंच तळी भरता येईल. देवळाच्या गर्दीत न्यायचं नसेल तर घरी करा.

तळीला लागतं ते: तांब्याचं ताम्हण, पाच विड्याची पानं, पाच सुपाऱ्या, खोबऱ्याच्या वाट्या, भंडारा, दिवटी (हातातली मशाल) आणि बुधली (तिच्या तेलाचं भांडं). पुरुष तीन, पाच किंवा सात, डोक्यावर टोपी. ताम्हणाला सगळ्यांचे हात लागले पाहिजेत. 'सदानंदाचा येळकोट, येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणत तीन वेळा वर उचलायचं, खाली ठेवायचं, भंडारा वाहायचा, दिवटी ओवाळायची. ताम्हण भरगच्च केलं की तिसऱ्या उचलीला सुपाऱ्या गडगडतात, म्हणून कमीच भरा. नैवेद्याला बाजरीचा रोडगा, वांग्याचं भरीत, पातीचा कांदा, आणि ठोंबरा, म्हणजे जोंधळे शिजवून त्यात दही-मीठ. चातुर्मासात सोडलेलं वांगं बऱ्याच घरांत त्याच दिवशी पुन्हा सुरू होतं.

वरवंटा
भंडाऱ्याबद्दल सावध. यात्रेत पुड्यांतून मिळतो तो सगळाच हळद नसतो. घरी चिमूटभर घेऊन ओला चुना लावून बघा. खरी हळद लाल होते, कुंकवासारखी. पिवळाच राहिला तर रंग आहे. सांगलीची हळद दळून घेतली तर प्रश्नच नाही. आणि बाळाच्या बाबतीत उधळायचा नाही. डोळ्यात, नाकात जातो. कपाळावर बोटानं टिळा, तेवढं पुरे.

गोरव
मैलारची एक गोष्ट ह्या निमित्तानं. माघातल्या पौर्णिमेच्या यात्रेत गोरवय्या उंच धनुष्यावर चढतो, 'सद्दले' म्हणून ओरडतो, म्हणजे गप्प राहा. लाखभर माणूस गप्प होतं. मग एकच वाक्य बोलतो आणि वरून अंग टाकून देतो, खालचे झेलतात. ते वाक्य म्हणजे कार्णिक, वर्षाचं भाकीत. पुढं महिनाभर त्याचा अर्थ लावत बसतात, पाऊस की पीक की राजकारण. ह्या धाग्यासारखंच.

तिसरं_रेल्वेगेट
फरक एवढाच, इथं कुणी 'सद्दले' म्हटलं तरी गप्प होत नाही.

शंकेखोर_शहापूर
एक व्यवहारातली शंका. मल्हारला हाक काय मारणार? मल्ल्या?

कुंदा_दोनशे_ग्रॅम
बँकवाले दचकतील.

तळीचा_मानकरी
कुलदेवाचं नाव ठेवलं की तोंडावर शिवी देऊ नये, अरेतुरे तोडून बोलू नये, अशी जुन्या घरांत चाल आहे. म्हणून घरगुती हाक वेगळी ठेवतात: बाळू, अप्पू, अण्णा. म्हणजे रागावलं तरी देवाच्या नावाला धक्का नाही.

ओत्तक्षर
आता तिसरा प्रश्न, जो खरा डोकेदुखीचा आहे.

कन्नडात ल च्या खाली ह चं ओत्तु (जोडाक्षरातलं खाली लिहायचं अक्षरचिन्ह) द्यायचं, म्हणजे मल्हार. चुका दोन प्रकारच्या होतात. एक, ह चं ओत्तु सोडून ल चंच दिलं की मल्लार. दोन, ओत्तुच दिलं नाही, दोन्ही अक्षरं पूर्ण लिहिली की मलहार. दुसरी चूक वाईट, कारण कन्नडात मल म्हटल्यावर लोक पाप नव्हे, विष्ठा समजतात. मलप्रभेला कुणी हसत नाही, खरं वर्गातल्या पोराला हसतील. हे होतं कारण इंग्रजीत नाव टाइप करून कन्नड अक्षरं काढतात. एम-ए-एल-एच-ए-ए-आर दिलं तर ल्ह जुळतो. एल नंतर चुकून ए पडला की मलहार.

शेवटच्या र ला हलंत (पाय मोडायचं चिन्ह) द्यायचा की नाही, हा दुसरा मुद्दा. हलंत नसेल तर कन्नड वाचक शेवटी अ उच्चारतो, मल्हार-अ. हलंत असेल तर आपल्यासारखा तुटक उच्चार. दोन्ही बरोबर, मात्र एक ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा.

रीत अशी: जन्माची नोंद 21 दिवसांत. त्या वेळी नाव ठरलं नसेल तरी चालतं, नावाचा रकाना नंतर भरता येतो, 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यापुढं विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. तुमचं बारसं बाराव्या दिवशी, म्हणजे एकदमच नाव घालून नोंद करता येईल. छापायच्या आधी स्क्रीनवर कन्नड आणि इंग्रजी दोन्ही ओळी स्वतः वाचा, ज्याला कन्नड येतं त्याला सोबत न्या. 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच पुरावा धरला जातो. आधी शाळेच्या दाखल्यावर भागायचं, आता एक ओत्तु चुकलं की ते सगळीकडे जातं.

वेणुग्राम_वासी
सगळ्यांचे आभार ओ. आजोळच्या आजीबाईंना वराची कथा सांगितली. त्या म्हणाल्या, 'मग हे आमच्या मैलारप्पाचंच नाव की, आधी का सांगितलं नाही?' हरकत संपली. ताटात असं लिहायचं ठरलंय: मार्तंडभक्त, योगीश, गंगाधर, मल्हार. कन्नडात र ला हलंत द्यायचा.

पंचांग_बघून_सांगतो
मार्तंडभक्त: मा, र्तं, ड, भ, क्त. पाच भरतात. सम हवं असेल तर मल्लारिभक्त पण पाचच. खंडेरायभक्त सहा होतात.

शंकेखोर_शहापूर
आत्ताच म्हणाला होतात ना की मोजत बसायचं नाही?

वरवंटा
खंडेरायभक्त लिहिणार असाल तर ताट मोठं घ्या.